जुमेरातची हवा

मित्रांनो, हातभर उंचीची, रंग उडालेली, पोटावर लाल अक्षरांत ‘खराब’ असं लिहिलेली मी एक जुनी हवेची बाटली आहे. बाटली म्हटलं की काही जणांच्या चेहऱ्यावर लगेच हसू येतं, ते मला ठाऊक आहे. मी नांदेडला आले त्या दिवशी रिक्षावाल्यानंही माझ्या मालकांना, नजीरमियाँना, डोळा मारून विचारलं होतं, की चाचा, हिच्यात काय भरता? नजीरमियाँ म्हणाले, हवा. तो बिचारा हिरमुसला. पण माझ्यात खरोखरच हवेशिवाय कधी काही नव्हतं, आणि माझी सगळी कथा त्या हवेचीच आहे.

माझा जन्म इथून फार दूर, समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या जाड तुकड्यातून मला घडवलं, आणि नंतर पोटात प्रचंड दाबानं पाणी भरून माझी परीक्षा घेतली. माझ्या दोन बहिणी त्या परीक्षेत नापास झाल्या आणि पुन्हा भट्टीत गेल्या. मी पास झाले. मग मला पितळी चावी मिळाली, दाब दाखवणारा काटा मिळाला आणि तोंडात धरायची रबरी नळी मिळाली. माझ्यात दाबून भरलेली हवा पाण्याखाली माणसाला सात-आठ मिनिटं पुरते. सात-आठ मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. पण एकदा दम धरून पाण्यात बुडी मारून पाहा, म्हणजे मूर्ती लहान पण कीर्ती महान असं मी स्वतःला का म्हणवून घेते ते कळेल.

नजीरमियाँ देगलूर नाक्याजवळच्या एका गल्लीत राहतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे. आधी ते शेतातल्या मोटारी दुरुस्त करायचे. पुढं धरणाच्या पाण्यात लाँच आल्या, मासेमारीच्या होड्यांना इंजिनं लागली, तेव्हा तीही कामं त्यांच्याकडंच आली. गोदावरीचं पाणी तिथं मैलोगणती पसरलेलं आहे. अलीकडच्या काठावरून पलीकडच्या गावांना लाँचनं गेलं तर अर्धा तास, रस्त्यानं गेलं तर दीड तास. त्यामुळं बाजार, दवाखाना, लग्नाकार्याची माणसं, सगळी व्यंकटीच्या लाँचनं ये-जा करतात. व्यंकटी हा तिथला लाँचवाला, बोलायला थोडका आणि कामाला वाघ.

लोखंडी लाँच बिघडली की मोठी पंचाईत व्हायची. तिच्या बुडाखालच्या पंख्यात कधी जाळं अडकायचं, कधी नायलॉनची दोरी, एकदा तर कुणाची तरी अख्खी नऊवारी गुंडाळली गेली होती. लाँच पाण्याबाहेर ओढायची तर वीस माणसं आणि दोन दिवस लागत. म्हणून नजीरमियाँ दम धरून खाली जायचे, अर्धं मिनिट सुरी चालवायची, वर येऊन धापा टाकायच्या आणि पुन्हा खाली. पन्नाशी गाठलेल्या माणसानं हे किती दिवस करावं? शकिलाबींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शेवटी हट्ट धरला, आणि मी आणि मला भरणारं छोटं मशीन एकाच खोक्यातून त्या घरात आलो.

सुरुवातीची ती वर्षं माझ्या सुखाची होती. मी नजीरमियाँच्या छातीशी पट्ट्यानं बांधलेली असायचे. गढूळ पाण्यात हातभर पलीकडचं दिसायचं नाही, पण त्यांची बोटं पंख्याची पाती चाचपत बरोबर गाठीपाशी जायची. बुडाचं शेवाळ खरवडायचं, ढिले नट आवळायचे, गळती कुठं आहे ते हातानं शोधायचं, अशी सगळी कामं आम्ही दोघांनी केली. वर काठावर व्यंकटी दोरी धरून बसायचा. दोरीचं दुसरं टोक नजीरमियाँच्या कमरेला असायचं. दर मिनिटाला व्यंकटी एक झटका द्यायचा, म्हणजे कसे आहात? खालून दोन झटके आले की बरा आहे. काम संपवून वर आलो की लोक नजीरमियाँच्या आधी माझी पाठ थोपटायचे. मी थोडी फुशारले होते, हे कबूल करते.

शकिलाबींना मात्र पाण्याची मनापासून धास्ती होती. नवरा कामावर गेला की त्या दुपारचा घास मोजून खायच्या आणि फोनकडं बघत बसायच्या. दर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, दिवेलागणीला त्या घरभर लोबान फिरवायच्या. ऊददानीत कोळशाचे निखारे, त्यावर लोबानाची चिमूट, आणि ओठांत दुवा. पुढच्या खोलीत त्या दारापर्यंतच यायच्या, कारण मशीनच्या पसाऱ्यात पाऊल टाकायला जागाच नसायची.

आता त्या जुमेरातचं सांगते. शुक्रवारी पलीकडच्या गावांचा बाजार होता, आणि गुरुवारी दुपारीच लाँचचा पंखा जाळ्यात अडकून बंद पडला. व्यंकटीनं फोन केला. दिवसभर वीज नव्हती. ती आली दिवेलागणीला. नजीरमियाँनी मला मशीनला जोडलं, बटण दाबलं आणि मगरिबच्या नमाजला मशिदीत गेले. मशीन खोलीतली हवा ओढून माझ्यात भरायला लागलं. तेवढ्यात शकिलाबी ऊददानी घेऊन आल्या. त्या दिवशी त्या दारात थांबल्या नाहीत. पसारा बाजूला सारत आत आल्या, माझ्यावरून आणि मशीनवरून तीनदा लोबान ओवाळला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी ऊददानी मशीनच्या तोंडापाशीच ठेवली. माझ्या माणसाच्या छातीत जाणारी हवा आहे, तिच्यात बरकत उतरू दे, असं त्या पुटपुटल्या. मच्छर येतात म्हणून दार-खिडकी लावून घेतली आणि स्वयंपाकाला गेल्या. मशीन थांबल्यावर येऊन ऊददानी उचलून नेली.

मित्रांनो, मशीनला गाळणी असते. ती धूळ अडवते, थोडाफार धूरही अडवते. पण बंद खोलीत कोळसा जळला की एक विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि गाळणीला तो जुमानत नाही. शकिलाबींना हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. माझ्या पोटात त्या दिवशी दुवा भरली गेली, आणि तिच्यासोबत ते विषही.

नमाजहून आलेल्या नजीरमियाँना खोलीत लोबानाचा वास आला, पण दर जुमेरातला तो यायचाच. सकाळी मला काढताना मशीनच्या तोंडाशी चिमूटभर राख दिसली. त्यांनी ती फुंकरीनं उडवली आणि निघाले.

घाटावर बाजारची माणसं टोपल्या, पिशव्या घेऊन खोळंबली होती. पाण्यात उतरण्याआधी नजीरमियाँनी एक श्वास काठावरच घेऊन पाहिला. तशी त्यांची रीतच होती. ते क्षणभर थांबले आणि हसून व्यंकटीला म्हणाले, “आज घरची हवा हाय. लोबानाचा वास येऊन राहिला.”

व्यंकटीनं मान डोलावली. काल जुमेरात होती हे त्यालाही माहीत होतं. दोघांनाही तो शकुनच वाटला. दुसऱ्या कुठल्याही वासानं नजीरमियाँनी मला खाली ठेवलं असतं. डिझेलचा वास असता, जळक्या रबराचा असता, तर त्यांनी मला तसंच घरी परत नेलं असतं. पण हा वास घरचा होता. त्याच्यावर संशय कोण घेणार?

खाली जाळं घट्ट बसलं होतं. पहिल्या मिनिटात तीन पीळ सुटले. व्यंकटीनं झटका दिला, खालून दोन झटके गेले. दुसऱ्या मिनिटात नजीरमियाँनी डोकं हलवलं, झोप झटकावी तसं. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या हातातली सुरी सुटली आणि गाळात गेली. ती शोधायला ते वाकले नाहीत. मी जीव तोडून हवा देत होते. माझं काम तेवढंच होतं आणि मी ते चोख करत होते, पण मी जितकं देत होते तितके ते खचत होते. त्यांची बोटं पंख्यावरून घसरली. व्यंकटीचा झटका आला. खालून उत्तर गेलं नाही. दुसरा झटका आला, तरी उत्तर नाही.

व्यंकटीनं तिसरा झटका दिला नाही. दोरी खांद्यावर घेतली आणि ओढतच सुटला. बाजारच्या चार माणसांनी दोरीला हात लावला. नजीरमियाँना काठावर आणून पालथं घातलं, तोंडातली नळी काढली. मोकळ्या वाऱ्यात त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि भडाभडा ओकले. मलाही सोबत घेऊन दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टरांनी चार तास झोपवून ऑक्सिजन दिला आणि एवढंच विचारलं, की कोळशाचा धूर कुठं घेतलात? नजीरमियाँना ती चिमूटभर राख आठवली असणार.

शकिलाबी रिक्षानं धावत आल्या. पलंगाशी बसल्या, नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि रडता रडता म्हणाल्या, “काल मी बाटलीवरून तीनदा लोबान फिरवला होता. म्हणून वाचलात तुम्ही.”

नजीरमियाँ म्हणाले, “हाव. तुझ्या लोबानानंच वाचलो. ही बाटली खराब निघाली.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या पोटावर ‘खराब’ लिहिलं आणि मला माळ्यावर टाकलं. माझ्यात अजून निम्मी हवा होती. ती काढायचंही त्यांना सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही. मला राग आला होता, लपवत नाही. पण एके दिवशी माळ्यावरून मी शकिलाबींना खालच्या खोलीत शिवण शिवताना गुणगुणताना ऐकलं, आणि मला वाटलं, खरं कळलं असतं तर ही बाई पुन्हा कधी गुणगुणली असती का? त्यांच्यासाठी मी खराब ठरले तर ठरू दे, अशी मी मनाची समजूत घातली. नजीरमियाँनी मशीन गच्चीवर नेलं. आवाज लई होतो, असं कारण सांगितलं. नवी निळी बाटली आली. जुमेरातचा लोबान खाली सुरूच राहिला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मुठीत निखारा असेल तर झाकून चालत नाही.

कारण त्या दिवसाची गोष्ट घाटावर पसरली होती. नजीरभाई मेलेच होते, भाभीच्या लोबानानं परत आले, असं जो तो सांगायचा. वर्षभरानं व्यंकटीनं स्वतःची बाटली आणि मशीन घेतलं. नजीरमियाँनीच त्याला पाण्याखालचं काम शिकवलं होतं, मशीन कसं चालवायचं ते शिकवलं होतं. एकच गोष्ट तेवढी शिकवली नव्हती. ती शिकवायची तर खरं सांगावं लागलं असतं.

एका दुपारी व्यंकटीची बायको चांगुणाबाई घरी आल्या. नजीरमियाँ बाहेर गेले होते. मी होते त्या माळ्याच्या अगदी खालीच दोघी चटईवर बसल्या. चांगुणाबाईंनी चहा बशीत ओतला आणि विचारलं, की भाभी, त्या बाटलीला तुम्ही नेमकं काय करता? आमचा माणूस मंगळवारी पहिल्यांदा आपल्या बाटलीनं उतरणार आहे, माझा जीव थाऱ्यावर नाही. शकिलाबींनी हौसेनं सगळं सांगितलं. मशीन चालू असताना फिरवायचं, त्याच्या तोंडाशी ठेवायचं, दार लावून घ्यायचं म्हणजे धूर वाया जात नाही. चांगुणाबाई म्हणाल्या, की माझ्याकडं माहूरहून आणलेलं धुपाटणं आहे, देवीचा धूप घालीन, मशीन देवघराच्या खोलीतच आहे. जाताना त्यांनी विचारलं, एखादी जुनी रबरी नळी पडली असेल तर जास्तीची म्हणून द्याल का? शकिलाबी म्हणाल्या, खराब बाटलीची आहे, काढून ठेवते.

मला ओरडावंसं वाटत होतं. पण बाटलीला तोंड असतं, जीभ नसते.

मंगळवारी सकाळी शकिलाबींनी मला माळ्यावरून उतरवलं. पदरानं धूळ पुसली आणि नळीचा नट फिरवायला लागल्या. आत दाब होता, नट हलेना. आधी हवा सोडावी लागते हे त्यांनी नवऱ्याला करताना पाहिलं होतं. त्यांनी चावी फिरवली. फस्स करून माझ्यातली हवा त्यांच्या तोंडावर आली, आणि त्या हवेला लोबानाचा वास होता. लोबानाचा, आणि त्याच्या खाली जळक्या कोळशाचा.

त्यांनी चावी बंद केली. पुन्हा किंचित उघडली, पुन्हा वास घेतला. बंद खोलीत मशीनच्या तोंडाशी ठेवलेली ऊददानी त्यांना आठवली. मग जमिनीवर बसल्या आणि गच्चीकडं तोंड करून नवऱ्याला हाक मारली. नजीरमियाँ खाली आले. मी शकिलाबींच्या मांडीवर होते. ते पाहून त्यांना काही विचारावं लागलं नाही.

दोघं आपसात दखनी उर्दू बोलतात, मी तुम्हाला मराठीत सांगते. शकिलाबींनी विचारलं, “ही खराब नव्हती ना?”

“न्हाई.”

“मग मला का न्हाई सांगितलं?”

“तू जगली नसतीस,” नजीरमियाँ म्हणाले. “मी वाचलो होतो. तुला कशाला मारायचं?”

शकिलाबी रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “चांगुणाबाईला मी सगळं शिकवून बसले. व्यंकटी आज उतरून राहिला.”

नजीरमियाँनी व्यंकटीला फोन लावला. पाण्यात उतरताना व्यंकटी फोन लाँचच्या पेटीत ठेवायचा. घंटी वाजत राहिली. मग मला तसंच काखेत घेऊन शकिलाबी निघाल्या, नजीरमियाँ मागं. रिक्षात मी त्या दोघांच्या मध्ये होते.

घाटावर पोचलो तेव्हा व्यंकटी कमरेइतक्या पाण्यात उभा होता. छातीशी नवी बाटली, तोंडात नळी. काठावर दोरी धरून चांगुणाबाई होत्या, आणि मागं घाटावरची पंधरा-वीस माणसं. शकिलाबी बुरख्यासकट पाण्यात शिरल्या. आयुष्यात त्या कधी गुडघाभर पाण्यात गेल्या नव्हत्या. त्यांनी व्यंकटीचा दंड धरला.

“व्यंकटीभाऊ, ते तोंडातून काढा.”

त्यानं नळी काढली. सगळे बघत होते. शकिलाबींना हळू बोलता आलं असतं, नवऱ्याला पुढं करता आलं असतं, मशीनचा काही दोष सांगता आला असता. त्या वळल्या आणि काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

“माझा माणूस लोबानानं वाचला न्हाई. लोबानाच्या कोळशानं मरत होता. आन् तो कोळसा मी ठेवला होता, माझ्या हातानं. मला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक झालं, म्हणून आले.”

चांगुणाबाईंच्या हातात दोरी तशीच होती. त्यांचा आवाज दुखावलेला होता. “भाभी, तुमीच तर सांगितलं होतं. आन् देवीचा धूर इख कसा होईल?”

“हाव, मीच सांगितलं होतं,” शकिलाबी म्हणाल्या. “धूप देवीचाच हाय, बाई. कोळसा लाकडाचा हाय. त्याला कळत न्हाई कुणाच्या नावानं पेटवला.”

मग त्यांनी मला पुढं धरलं आणि चावी उघडली. माझ्यात उरलेली सगळी हवा बाहेर आली. व्यंकटीनं वास घेतला, चांगुणाबाईंनी घेतला. मागच्या बाया पुढं आल्या, त्यांनीही घेतला. काटा हळूहळू खाली गेला आणि शून्यावर टेकला. व्यंकटीनं आपल्या बाटलीची चावी पाण्यातच सोडली, आणि बुडबुड्यांच्या आवाजात ती रिकामी होईपर्यंत उभा राहिला. चांगुणाबाई पाण्यात उतरल्या. त्यांनी शकिलाबींना धरलं आणि काठावर आणलं.

त्या दिवसापासून घाटावर मशीन बाहेर, वाऱ्यावर लावतात. धूप देवघरात, लोबान घरात, आणि दोन्हीच्या वेळेला मशीन बंद.

मित्रांनो, माझ्यासारख्या बाटलीची काळजी घ्या, चावी पुसा, नळी तपासा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच मागते, की श्वासात जाणारी वस्तू कुठून येते ते आधी बघा, तुमच्या आवडत्या माणसानं दिली असली तरी बघा. आणि आपल्या माणसाची चूक त्याला सांगा. सांगताना जीव तुटतो, ऐकताना त्याहून तुटतो, हे मी दोघांच्या मध्ये बसून पाहिलं आहे. तरी सांगा. मी अनेक वर्षं अनेक श्वास दिले, पण त्यातला एकही मला आता नीट आठवत नाही. आठवते ती शेवटची हवा, जी कुणाच्याच छातीत गेली नाही.